‘द नाइस गाइज’ पाहावा का? त्यात काय जमलंय आणि काय फसलंय?

पाहा, पण गुन्हा कुणी केला हे शोधायच्या तयारीने बसू नका. तसं बसलात तर हिरमोड होईल. २०१६ चा हा सिनेमा शेन ब्लॅकचा. ‘लीथल वेपन’ची पटकथा लिहिणारा हाच, त्यामुळे एकमेकांशी न पटणाऱ्या दोघांना एका गाडीत कोंबायचं कसब त्याच्या हातात मुरलेलं आहे.

काळ १९७७, शहर लॉस एंजेलिस. रसेल क्रो पैसे घेऊन लोकांना बदडून देतो. रायन गॉसलिंग परवानाधारक खाजगी गुप्तहेर आहे, पण दारुडा आणि लबाड. एक म्हातारी त्याला हरवलेल्या नवऱ्याचा शोध घ्यायला सांगते. नवरा कधीपासून दिसला नाही, तर त्याच्या अंत्यविधीपासून! अस्थिकलश समोरच ठेवलेला आहे. तरीही हा गडी काम घेतो. इथेच कळतं की आपले नायक कुठल्या लायकीचे आहेत, आणि सिनेमाची खरी ताकदही तीच आहे. यांची हुशारी नाही, यांचा वेंधळेपणा कथा हाकतो.

गॉसलिंग म्हणजे कमाल आहे. संडासात बसलेला असताना क्रो समोर येतो तो प्रसंग बघा. एक हात प्लास्टरमध्ये, तोंडात सिगारेट, एकीकडे पिस्तूल रोखायचंय, दुसरीकडे मासिकाने लाज झाकायचीय आणि ते मेलं दार सारखं बंद होतंय. संवाद जवळपास नाहीतच, सगळं अंगाने केलेलं. क्रो मात्र विनोद करायला जातच नाही, मख्ख चेहऱ्याने उभा राहतो; म्हणून तर समोरच्याचा विनोद खुलतो. या दोघांपेक्षा शहाणी म्हणजे गॉसलिंगची तेरा वर्षांची मुलगी. अँगुरी राइसने ते काम इतकं सहज केलंय की ती नसती तर हे दोघे शेवटी नुसते असह्य झाले असते.

जुना काळही नुसता बेलबॉटमपुरता नाही. शहरावरचं धुरकं थेट कथानकात आहे. त्याविरुद्धचे निदर्शक मेल्याचं सोंग घेऊन पडलेत, आणि आपले हेर त्यांचीच चौकशी करायला जातात. (गाण्यांच्या बाबतीत मात्र काळाचं भान सुटलंय. ‘सप्टेंबर’ हे गाणं १९७८ मध्ये आलं.)

आता फसलेलं. कटकारस्थान गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवरून, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागावरून आहे. कल्पना झकास, पण ती उलगडते कुणीतरी भडाभडा सांगून टाकल्यामुळे. तपास असा होतच नाही, धागे आपोआप हाती लागतात. जिला शोधायचं ती अमेलिया तर चक्क यांच्या गाडीवरच येऊन आदळते! अभिनेत्री किम बेसिंजरच्या वाट्याला काही धड आलेलंच नाही. आणि मला सगळ्यात खटकलं ते अमेलियाचं पात्र. कथा तिच्याभोवती फिरते, पण तिच्याबद्दल काही वाटावं एवढा वेळच दिग्दर्शक देत नाही. तिचं जे होतं ते बघून धक्का बसतो, हळहळ वाटत नाही. शेवटची मारामारीही लांबलीय.

दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मला जास्त आवडला, कारण तोवर कथेची उत्सुकता संपली होती आणि लक्ष फक्त दोघांच्या खटक्यांवर होतं. घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावर लावा. नग्नता, शिव्या, रक्त सगळं आहे.