'डिफंड'ला मराठीत काय म्हणावे?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका शिक्षिकेने विचारले आहे: 'अकरावीच्या वर्गात वादविवादासाठी अमेरिकेतली "डिफंड द पोलीस" ही मागणी घेतली आहे. घोषणा मराठीत आणायला सांगितली तेव्हा मुलांनी तीन उत्तरे दिली. "पोलिसांचा निधी बंद करा", "पोलीस बरखास्त करा" आणि "पोलिसांची रसद तोडा". एकाने "निर्निधीकरण" असा शब्दही घडवला. यांतले बरोबर कोणते? आणि शहराच्या बजेटला अर्थसंकल्प म्हणायचे की अंदाजपत्रक?'

ताई, पोलिसांवर होणारा सरकारी खर्च काढून घ्या, अशी २०२० मध्ये अमेरिकेत गाजलेली ही घोषणा. तुमच्या मुलांनी नकळत तीन वेगवेगळ्या मागण्या केल्या आहेत. तिन्ही मागण्या अमेरिकेत कोणी ना कोणी खरोखर केल्या होत्या, म्हणून तिघांनाही चूक म्हणवत नाही. पण एकाच इंग्रजी शब्दाच्या पोटात त्या तिन्ही मावल्या, तशा त्या एका मराठी क्रियापदात मावत नाहीत. आपल्याला तोडणे, कापणे, वळवणे, गोठवणे यांतले एक निवडावे लागते, आणि निवडले की बाजू घेतल्यासारखे होते.

सुरुवात 'निधी'पासून करतो, कारण घोटाळा तिथेच आहे. निधी म्हणजे साठा, ठेवा. समुद्राला जलनिधी म्हणतात तो याच अर्थाने. आजच्या मराठीत विशिष्ट कामासाठी बाजूला काढलेला पैसा म्हणजे निधी: आमदार निधी, मुख्यमंत्री सहायता निधी, सशस्त्र सेना ध्वजदिन निधी. यातच पोलीस कल्याण निधीही येतो. हवालदाराच्या घरच्या आजारपणाला, मुलांच्या शिक्षणाला मदत व्हावी म्हणून असलेला हा पैसा. आता 'पोलिसांचा निधी बंद करा' हे वाक्य एखाद्या पोलीस वसाहतीत वाचून पाहा. ऐकणाऱ्याला वाटेल, हे लोक आमच्या मुलांच्या शिष्यवृत्तीवर उठले आहेत.

अंदाजपत्रकात पोलिसांसाठी जी रक्कम धरलेली असते तिला आपल्याकडे 'तरतूद' म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो. मूळ अरबी-फारसी 'तरद्दुद'. हिंदीत 'तरद्दुद' अजून चिंता, झंझट या अर्थाने चालतो. मराठीने त्यातली काळजी मागे ठेवली आणि त्या काळजीपोटी केलेली तजवीज उचलली. दाणागोटा, दारूगोळा, चारा यांची तरतूद करणे हा जुन्या पत्रव्यवहारातला नेहमीचा प्रयोग. पुढे तो सरळ हिशेबाच्या वहीत येऊन बसला.

तरतूद आणि निधी यांतला फरक मी घरातच शिकलो. वडील कोषागारात नोकरीला होते. मार्च उजाडला की ते रात्री उशिरा घरी यायचे आणि जेवताना एक वाक्य हमखास म्हणायचे: 'तरतूद आहे, निधी नाही.' लहानपणी मला ते कोडे वाटे. अर्थ साधा आहे. विधिमंडळाने रक्कम मंजूर केली ती तरतूद. ती खर्चासाठी प्रत्यक्ष खात्याच्या हातात पडली की निधी आला. मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत मराठी माणूस हा भेद रोज पाळतो. म्हणून शहराच्या सभागृहात झालेल्या वादासाठी शब्द हवा तो 'तरतूद'. सभागृह तरतुदीवर मत देते, निधी नंतर सुटतो किंवा अडतो.

'रसद तोडा' हे उत्तर ज्या विद्यार्थ्याने दिले त्याच्या भाषेच्या कानाचे मला कौतुक वाटते. रसद म्हणजे सैन्याचा शिधासामग्रीचा पुरवठा. किल्ल्याला वेढा घालायचा आणि रसद तोडायची, की आतला माणूस आपोआप शरण येतो. शब्दाला धार आहे, पण तो समोरच्याला शत्रू ठरवतो. मागणी करणाऱ्यांचा पोलिसांवर राग होता हे खरे. तरी त्यांतल्या बहुतेकांचे म्हणणे हिशेबाचे होते: मानसिक आजारी माणसाच्या घरी, बेघर माणसापाशी, शाळेच्या दारात पोलीस पाठवण्याऐवजी तिथे दुसरी माणसे पाठवा आणि पैसाही त्यांना द्या. ही वेढ्याची भाषा नव्हे. विरोधी बाजूने बोलणाऱ्या मुलांनी 'ही तर रसद तोडणे आहे' असे जरूर म्हणावे. तो त्यांचा युक्तिवाद होईल. भाषांतर मात्र होणार नाही.

'बरखास्त करा' ही वेगळीच मागणी. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये एका पोलीस अधिकाऱ्याने मानेवर गुडघा दाबून धरल्याने जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. जूनमध्ये तिथल्या १३ पैकी ९ नगरसेवकांनी एका बागेतल्या सभेत शहराचे पोलीस खाते मोडीत काढण्याचे वचन दिले. 'मोडीत काढणे' हा आपला शब्द इथे अचूक बसतो, कारण मोडीची भांडी वितळवून नवी करतात आणि त्यांनाही नवे सुरक्षा खाते उभारायचे होते. प्रत्यक्षात त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सभागृहाने पोलिसांकडचे सुमारे ८० लाख डॉलर दुसऱ्या सेवांकडे दिले. खाते बदलण्यासाठी शहराची सनद, म्हणजे कारभाराची मूळ नियमावली, दुरुस्त करावी लागणार होती. तो प्रश्न नोव्हेंबर २०२१ मध्ये मतदारांपुढे गेला आणि सुमारे ५६ टक्क्यांनी तो फेटाळला. म्हणजे एका शहरात दीड वर्षात मोडीत काढण्याचे वचन, थोडी रक्कम दुसरीकडे देणे आणि मतदारांचा नकार असे सगळे झाले, आणि या सगळ्याला बातम्यांत 'डिफंड' हा एकच शब्द लावला गेला.

न्यूयॉर्कचे उदाहरणही वर्गात सांगा. जून २०२० च्या अखेरीस तिथे सुमारे ६ अब्ज डॉलरच्या पोलीस खर्चातून १ अब्ज कमी केल्याचे जाहीर झाले. त्यातला एक भाग होता शाळांमधले सुरक्षा कर्मचारी पोलिसांकडून शिक्षण खात्याकडे देण्याचा. माणसे तीच, काम तेच, फक्त पाटी बदलणार होती. टीकाकारांनी याला हिशेबाची फिरवाफिरव म्हटले. टेक्सासमधल्या ऑस्टिनने ऑगस्टमध्ये सुमारे १५ कोटी डॉलरचा निर्णय घेतला, पण तात्काळ कापलेली रक्कम साधारण २ कोटींची होती. उरलेली बहुतांशी कामे दुसऱ्या खात्यांकडे देण्याची योजना होती. पुढच्याच वर्षी टेक्सासच्या विधिमंडळाने पोलिसांची तरतूद घटवणाऱ्या मोठ्या शहरांना दंड लावणारा कायदा केला आणि ऑस्टिनने तरतूद पुन्हा वाढवली.

या व्यवहाराला आपल्या कार्यालयीन मराठीत नेमका शब्द आहे: 'वर्ग करणे'. रक्कम वर्ग केली, कर्मचारी वर्ग केले. 'वळवणे' हेही तेच सांगते, पण जपून वापरावे. महाराष्ट्रात 'निधी वळवला' हा आरोप असतो. आदिवासी विकासाचा किंवा सामाजिक न्यायाचा पैसा भलत्या कामाला गेला, की आपण वळवला म्हणतो. 'पोलिसांचा पैसा वळवा' असे फळ्यावर लिहिले तर वाचणाऱ्याला काहीतरी गैर चालल्याचा वास येईल.

आता 'निर्निधीकरण'. घडण चुकीची नाही. 'निर्गुंतवणूक' आपण असाच केला: संस्कृत उपसर्ग, अस्सल मराठी शब्द, आणि तो इतका रुळला की आता कोणाला खटकत नाही. पण 'निर्गुंतवणूक' तोंडात सहज फिरतो, 'निर्निधीकरण' अडखळतो, आणि घोषणा तर रस्त्यावर ओरडायची असते. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये 'निश्चलनीकरण' छापून येत होते आणि बँकेच्या रांगेत उभा असलेला प्रत्येक जण 'नोटाबंदी' म्हणत होता. टिकला तो रांगेतला शब्द. त्या धर्तीवर 'निधीबंदी' करता येईल, पण बंदी म्हणजे पूर्ण बंद. दारूबंदीत अर्धी दारू चालत नाही.

म्हणून माझे मत 'कपात'ला. ठाण्यात राहणाऱ्या माणसाला हा शब्द समजावून द्यावा लागत नाही. मे महिन्यात पाणीकपात जाहीर झाली की घरोघरी कळते: नळ येणार, पण कमी येणार, आणि किती कमी ते टक्क्यांत सांगितले जाणार. अंशतः हा अर्थ शब्दातच आहे. शिवाय आपल्या संसदीय परंपरेत 'कपात सूचना' नावाचे हत्यार आहे आणि ते या वादाला विलक्षण जवळचे आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०३ प्रमाणे विधानसभेला अनुदानाची मागणी, म्हणजे एखाद्या खात्याच्या खर्चासाठी सरकारने मागितलेली रक्कम, मान्य करता येते, नाकारता येते किंवा कमी करता येते. वाढवता येत नाही. लोकसभेच्या नियमांत कपात सूचनेचे तीन प्रकार आहेत. एखादे धोरणच नापसंत असेल तर मागणी १ रुपयावर आणा असे म्हणायचे, काटकसर हवी असेल तर ठरावीक रकमेची कपात सुचवायची, आणि एखादी तक्रार वेशीवर टांगायची असेल तर फक्त १०० रुपये कमी करा म्हणायचे. मिनियापोलिसमधली वचनाची भाषा १ रुपयावाली होती, ऑस्टिनचे २ कोटी काटकसरीच्या जातीचे, आणि कितीतरी ठिकाणी मोर्चातल्या माणसाला १०० रुपयेवाली नाराजीच नोंदवायची होती. इंग्रजी घोषणेने ज्या छटा एकत्र केल्या त्या आपल्या सभागृहाच्या नियमांत वेगवेगळ्या नावांनी आधीपासून आहेत. मुलांना हे दाखवून द्याच.

एक अडचण उरते. घोषणेतला धूसरपणा हा तिचा दोष होता तसा तिचा जोरही होता. सगळा पैसा की थोडा, हे न सांगता ती बोलत होती. 'कपात' म्हटले की ते थोडा म्हणून बसते. मराठीत तो धूसरपणा राखायचा तर 'काढून घेणे' वापरता येईल: 'पोलीस खात्याचा पैसा काढून घ्या'. इथे सगळा की काही, ते ऐकणाऱ्याने ठरवायचे. मात्र 'खात्यातून पैसा काढा' असे लिहू नका. खाते म्हणजे विभागही आणि बँकेतले खातेही. वाक्य पासबुकाचे होऊन जाईल. आणि 'पोलिसांकडून पैसा काढून घ्या' तर मुळीच नको, ती खंडणी वाटेल.

तुमचा दुसरा प्रश्न अर्थसंकल्प की अंदाजपत्रक हा. घटनेत 'बजेट' हा शब्दच नाही. तिथे 'वार्षिक वित्तीय विवरणपत्र' आहे. व्यवहारात केंद्राचा आणि राज्याचा तो अर्थसंकल्प, महापालिकेचे ते अंदाजपत्रक, असे साधारण वळण पडले आहे. नियम म्हणून कोणी पाळत नाही, पण मला हे वळण जपावेसे वाटते. संकल्प म्हणजे हातावर पाणी घेऊन बोललेला शब्द. अंदाजपत्रकात फारसी 'अंदाज' आणि संस्कृत 'पत्रक' शेजारी बसले आहेत आणि म्हणणे प्रामाणिक आहे: एवढे येईल, एवढे जाईल असे वाटते. अमेरिकेतल्या शहरांसाठी 'अंदाजपत्रक' लिहा.

पण नुसते तेवढे लिहून ठाण्यातल्या वाचकाला कळणार नाही, कारण आपल्याकडे शहराच्या अंदाजपत्रकात पोलीस खाते नसतेच. घटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे. बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांची १८ कामे आहेत. त्यांत अग्निशमन आहे, पोलीस नाहीत. शिपायाचा पगार राज्याच्या गृह विभागातून, २०५५ या लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारी हिशेबातल्या पोलीस खर्चाच्या सदराखाली, निघतो. महापालिका फार तर कडेची कामे करते. नवी मुंबईत रस्त्यांवरचे सीसीटीव्ही कॅमेरे महापालिकेने बसवले आणि पोलीस ते चित्रण पाहतात, तसे. आपल्या कानाला दोघेही 'आयुक्त' असल्याने गोंधळ वाढतो. महापालिका आयुक्त अंदाजपत्रक मांडतात. पोलीस आयुक्तांचा पैसा मुंबईतल्या विधिमंडळात ठरतो. 'ठाणे शहर पोलीस' म्हणताना 'शहर' शब्दही फसवा आहे. १९८१ च्या या आयुक्तालयात ठाण्यासोबत भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर येतात, म्हणजे एकापेक्षा अधिक महापालिका. तेव्हा वर्गात पहिल्याच वाक्यात सांगा: 'तिकडे पोलीस हे नगर प्रशासनाचेच एक खाते असते आणि त्याचा पगार नगरसेवक मंजूर करतात.' हे वाक्य नसेल तर मुले ठाणे महापालिकेच्या मुख्यालयाकडे बोट दाखवून तासभर वाद घालतील आणि तिथे पोलिसांच्या पगाराचे पानच नसेल.

जाता जाता, 'ठाणे' या शब्दाबद्दल मुलांना सांगायला हरकत नाही. शिलाहारांच्या लेखांतले 'श्रीस्थानक' ते आपले ठाणे, आणि 'पोलीस ठाणे'तले ठाणेही त्याच 'स्थान'चे. 'ठाणे नगर पोलीस ठाणे' या पाटीवर एकच शब्द दोनदा येतो, एकदा गावाचे नाव म्हणून आणि एकदा चौकीदाराच्या मुक्कामाची जागा म्हणून.

फळ्यावर विषय असा लिहावा असे मी सुचवेन: 'अमेरिकेतील शहरांनी आपल्या पोलीस खात्याच्या तरतुदीत कपात करून ती रक्कम मानसिक आरोग्य व निवाऱ्याच्या सेवांकडे वर्ग करावी.' मूळ घोषणा उद्धृत करायची वेळ आली तर 'डिफंड द पोलीस' देवनागरीत जशीच्या तशी ठेवा आणि शेजारी 'पोलीस खात्याचा पैसा काढून घ्या' असे लिहा. बोलायला उठणाऱ्या प्रत्येकाने आधी सांगावे: किती पैसा, आणि कोणाकडे.