टक् होतं पण गिअर बसत नाही

प्रश्न: सायकल घेऊन दोन महिने झाले. सुरुवातीला अंगठ्याने शिफ्टर दाबला की टक् वाजायचं आणि चेन लगेच शेजारच्या मोठ्या चकतीवर चढायची. आता टक् होतं पण चेन तिथेच खरखरत राहते, कधी चढते कधी नाही. दुरुस्तीवाले म्हणतात शिफ्टर गेला, नवीन टाका. त्याच्या आत नेमकं असतं काय? आणि पूर्वीच्या सायकलींना पण असे टकटक वाजणारे गिअर होते का?
– एक वाचक

उत्तर: शिफ्टर इतक्यात बदलू नका प्लीज. दोन महिन्यांत तो सहसा जात नाही, तुमची वायर सैल पडलीये असं वाटतंय.

शिफ्टरचं काम एकच, वायर मोजून ओढायची आणि मोजून सोडायची. आत एक दातेरी चकती असते, तिच्या दातात अडकणारा छोटासा खटका असतो, तुम्ही दाबलं की चकती एक घर पुढे जाते, वायर ठरलेली तेवढीच ओढली जाते आणि खटका पुढच्या दातात पडतो, तेच ते टक्. म्हणजे आवाज हँडलपाशी होतो, मागे चेन सरकली का नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. शिमानो कंपनीच्या नेहमीच्या 8 स्पीडमध्ये (मागे आठ चकत्या) दर टक्-ला वायर साधारण 2.8 मिमी सरकते, मागचा डिरेलर (वायरच्या दुसऱ्या टोकाला असलेला, चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) त्याचे 1.7 पट करतो, झाले जवळजवळ 4.8 मिमी, आणि मागच्या चाकावरच्या शेजारच्या दोन चकत्यांमधलं अंतरही तेवढंच. मग वायर अर्धा मिमी जरी ढिली झाली तरी चेन अर्ध्यातच लटकणार ना.

नव्या सायकलला हे होतंच. लोक म्हणतात वायर ताणली, पण स्टीलची वायर अशी ताणत नाही, आउटरची (वायरवरच्या बाहेरच्या नळीची) टोकं आपापल्या टोप्यांत दबून बसतात आणि तेवढी वायर जास्तीची होते. डिरेलरपाशी जिथे वायर आत जाते तिथे (किंवा शिफ्टरपाशी) हाताने फिरणारा एक गोल स्क्रू असेल. चेन सगळ्यात छोट्या चकतीवर आणा, मागचं चाक उचलून पॅडल फिरवा आणि एकदाच टक् करा, चेन चढत नसेल तर डिरेलरवरचा स्क्रू मागून बघत डावीकडे पाव वळसा, परत बघा, परत पाव. खरखर थांबली की थांबा. आणि आउटर कधी बदललीच तर गिअरचीच घ्या, ब्रेकच्या आउटरमधली तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, ती दबते आणि हा सगळा हिशोब चुकतो. उलट मात्र अजिबात करू नका, गिअरची आउटर ब्रेकला लावली तर जोरात ब्रेक मारताना फाटू शकते.

आता जुन्या सायकलींचं. फ्रान्समध्ये पॉल द विवी नावाचे गृहस्थ, वेलोसियो म्हणून ओळखले जायचे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून गिअर हवेत म्हणून लिहीत होते, पण टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला परवानगी मिळाली 1937 साली. तोपर्यंत मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळी चकती, घाट आला की उतरा, चाक काढा, उलटं लावा. 1940 च्या दशकात काम्पान्योलो या इटालियन कंपनीचा जो गिअर होता त्याचे दोन दांडे मागच्या चाकाजवळ, चालत्या सायकलवर हात मागे घालून एकाने चाक सैल करायचं, दुसऱ्याने चेन सरकवायची आणि त्याच वेळी पॅडल उलटं मारायचं. हे शर्यतीत करायचे हो, मला ते आजही अचाट वाटतं!

पुढे वायरवाले लिव्हर रुळले पण त्यांना टक् नव्हतं. लिव्हर नुसत्या घर्षणावर जिथल्या तिथे राहायचा, किती ओढायचा ते हाताने आणि कानाने ठरवायचं, खरखर ऐकू आली की किंचित पुढे-मागे. टक् खऱ्या अर्थाने रुळलं ते 1984 मध्ये, शिमानोच्या ड्युरा-एस या शर्यतीच्या गिअर-संचामुळे. त्या लिव्हरवर एक सोय होती जी मला फार आवडते, वायर बिघडून टक् जुळेनासं झालं तर तिथल्या तिथे ते बंद करायचं आणि जुन्या पद्धतीने कानाने गिअर बसवत घरी यायचं.