उत्तर: वडिलांची शुश्रूषा करताना त्यांचाच राग येतो. समुपदेशकाकडे जावे की मानसोपचारतज्ज्ञाकडे?

‘कामावरून घरी परत जावेसेच वाटत नाही’ हे आपल्या प्रश्नातील वाक्य वाचले आणि उत्तर लिहिण्यास बसलो, कारण करी रोड स्थानकावरील एका बाकाशी माझी जुनी ओळख आहे.

आईला पक्षाघात झाला, उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली, आणि पुढची साडेचार वर्षे लालबागच्या चाळीतील एका खोलीत मी तिचे सारे केले. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीही दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे, त्यामुळे सलग झोप अशी नव्हतीच. दिवसा येणाऱ्या मावशी साडेसातला निघत. मी साडेसहाला करी रोडला उतरत असे आणि घर दहा मिनिटांवर असूनही पाऊण तास त्या बाकावर नुसता गाड्या मोजत बसत असे. घरी ‘गाडी लेट होती’ असे सांगे. मध्य रेल्वेने माझे हे खोटे निमूटपणे पदरात घेतले.

एकदा ताईने मला तेथे पाहिले. ती ठाण्याला राहते आणि महिन्यातून एकदा मोसंबी घेऊन येत असे. “आई तिकडे वाट बघतेय आणि तू इथे गाड्या बघतोस?” हे तिने पुढे साऱ्या नातेवाइकांना सांगितले. वर, वेळीच लग्न केले असतेस तर ही पाळी आली नसती, असेही ऐकवले. म्हणजे बाकावर माझ्याऐवजी माझी बायको बसली असती, इतकेच.

पुढे महापालिकेच्या रुग्णालयातील डॉक्टरबाईंनी आईला तपासता तपासता मलाच, शुश्रूषा करणाऱ्यावरचे ओझे मोजणाऱ्या झारिट यांच्या प्रश्नावलीतील 22 प्रश्न विचारले. स्वतःसाठी वेळ उरत नाही असे वाटते का, हे सारे दुसऱ्या कोणावर सोपवावेसे वाटते का. ज्या विचारांची मला लाज वाटत होती ते तेथे क्रमांक घालून छापलेले होते. मला 88 पैकी 64 गुण पडले, आणि 60 च्या वरचे ओझे तीव्र समजतात.

तेव्हा राग येतो म्हणून आपण वाईट मुलगी ठरत नाही. ‘किती सेवा करतेस गं’ म्हणणाऱ्यांकडून कौतुक घेऊ नका, तास मागून घ्या.

आपला मूळ प्रश्न राहिलाच. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कशातलाही रस गेला असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. आणि हेही सांगायला हवे की मी बाकावर बसू शकलो ते घरी मावशी होत्या म्हणून. वडिलांवर हात उगारावासा वाटू लागला असेल, तर नुसत्या बाकाने भागणार नाही.

आपल्या पुण्याच्या भावाला मात्र चार रात्री वडिलांजवळ एकट्याने राहू द्या. ताईला मी साडेचार वर्षांत एकदाही तसे ठेवू शकलो नाही. ठेवले असते, तर बाकाचा विषय तिने पुन्हा काढला नसता.