गेममधील लेव्हल आणि भरतीची तयारी

प्रश्न : मी पोलीस भरतीची तयारी करतो. मोबाईलवरील गेममध्ये पुढची लेव्हल गाठण्यासाठी मी तासन्‌तास बसतो, पण धावण्याचा मात्र आठवडाभरात कंटाळा येतो. तयारीलाही गेमसारखे गुण आणि लेव्हल लावता येतील का? – एक वाचक, परभणी

उत्तर : जरूर लावता येतील. अनुभवाचे गुण साठवून वरची पातळी गाठण्याची पद्धत १९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने रूढ केली आणि पुढे ती व्हिडिओ गेममध्ये आली. पहिल्या पातळ्या सोप्या असतात आणि प्रत्येक प्रयत्नाची पोच ताबडतोब मिळते, हे तिचे खरे बळ आहे. तुम्ही बहुधा पहिल्याच दिवशी १६०० मीटर आणि घड्याळ असे दोन्ही अंगावर घेता. त्याऐवजी न थांबता ४०० मीटरची एक फेरी, एवढीच पहिली पातळी ठेवा. ती सहज जमू लागली की दुसरी फेरी जोडा, आणि चारही फेऱ्या जमल्यावरच वेळ मोजायला घ्या. आपल्याकडचे ऊन पाहता हे पहाटेच उरकावे.

गुण वहीत लिहा, कारण त्यासाठी मोबाईल हातात घेतला की गेम उघडलाच म्हणून समजा. एखादा दिवस चुकला म्हणून मागचे गुण मात्र कापू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि मधला एखादा दिवस हुकल्याने फारसे बिघडले नाही.