पंपाचा रबर बेलो का फुटतो?

प्रश्न : आमच्या प्रोसेस हाउसमध्ये गरम पाण्याच्या पंपाच्या डिस्चार्जवर (पाणी बाहेर पडण्याच्या बाजूला) 150 मिमीचा रबर बेलो, म्हणजे पाइपमधला लवचीक जोड, आहे. दाब दर चौ. सेंमी 6 किलो. तीन महिन्यांत दुसरा बेलो फुगून कमानीपाशी (मधल्या फुगीर भागापाशी) चिरला. फिटरने आडवे येतात म्हणून टाय रॉड (बेलोला लांबू न देणारे दांडे) काढले होते. माल खराब असेल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मालाआधी रॉडकडे बघा. दाब बेलोला लांबवतो. कमानीपाशी आतला व्यास 200 मिमी धरला तर क्षेत्रफळ 314 चौ. सेंमी, गुणिले 6, म्हणजे जवळपास 1,900 किलोचा रेटा! पाइपला पक्का अँकर (जागेवर धरणारा आधार) नसेल तर तो सगळा रबरावर आणि पंपाच्या नोझलवर (तोंडावर) येतो. रॉड परत लावा, बाहेरचे नट रॉडच्या प्लेटला नुसते टेकवा. नट आवळून बेलो दाबायचा नाही.

बसवण्याआधी दोन्ही फ्लँज (पाइपच्या टोकाच्या, बोल्टने जोडायच्या चकत्या) समोरासमोर आहेत ना, ते बघा. पाइपची चूक बेलोने झाकायची सवय फार वाईट. तो कंपन आणि उष्णतेच्या हालचालीसाठी आहे. बोल्टची डोकी रबराच्या बाजूला ठेवा, नट पाइपच्या बाजूला. उलटे बसवले तर बोल्टचे टोक फुगलेल्या कमानीला घासते, आणि चीर नेमकी तिथेच पडते. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळा, आठवड्याने थंड लाइनवर पुन्हा तपासा. बेलोच्या टोकाच्या रबरी कॉलरला सपाट फ्लँज मिळाला तर वेगळे गॅस्केट नको.

गरम पाण्याला ईपीडीएम जातीचे रबर चांगले, पण तेल लागले की ते फुगते. तेलाच्या लाइनला नायट्राइल रबर घ्या. बेलोवर रंग मात्र लावू नका.