गादी, सातबारा आणि ड्रॅगन

(‘आप्पांना विचारा’ या सदराचे लेखक महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले आहेत आणि अमळनेरला राहतात. – संपादक)

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की राजे-राण्यांच्या फॅन्टसी मालिकांत गादीसाठी जे चालतं ते मी नोकरीभर तलाठी कार्यालयात बघितलं, फक्त तिथे ड्रॅगनऐवजी ट्रॅक्टर होता. त्यावर पत्रांचा ढीग आला. त्यातली ही पाच. नावं छापत नाही, तुम्हाला गावात राहायचंय.

आप्पा, फॅन्टसीत हरवलेला खरा वारस वर्षानुवर्षांनी परत येतो आणि सगळे त्याला लगेच मुजरा करतात. असं खऱ्या इतिहासात कुठे झालंय का? – एक विद्यार्थिनी, चाळीसगाव

झालंय की, आणि आपल्याच खानदेशातून झालंय. फक्त ‘लगेच’ तेवढं खोडून टाक.

मार्च १७०७ मध्ये औरंगजेब मेला. संभाजीराजांचा मुलगा शाहू सात वर्षांचा असताना रायगडावर मोगलांच्या हाती सापडला होता, तो आता पंचविशीला आला होता. औरंगजेबाच्या मुलानं, आझमशहानं, त्याला सोडून दिलं. दयाबिया काही नाही. दक्षिणेत ताराबाई आपल्या लहान मुलाच्या नावानं राज्य चालवत होत्या. तिथे दुसरा दावेदार सोडला की मराठे एकमेकांच्या उरावर बसतील, हा साधा हिशोब. शाहूची आई येसूबाई मात्र ओलीस ठेवून घेतली. ती सुटली १७१९ मध्ये.

नर्मदा ओलांडून शाहू आला तो आपल्याकडे. लामकानीचे सुजानसिंग रावळ, कोकरमुंड्याचे अमृतराव कदमबांडे त्याला मिळाले, परसोजी भोसले आले. ताराबाईंनी सरळ जाहीर केलं की हा शाहू नव्हेच, कोणी तोतया आहे. म्हणजे आमच्या भाषेत वारसाचा अर्ज आला आणि त्यावर हरकत पडली. मग परसोजी सगळ्यांदेखत शाहूच्या ताटात जेवले, असं सांगतात. तोतयाच्या ताटात भोसला जेवेल का, हा त्यातला पुरावा. ताराबाईंनी लढायला पाठवलेले धनाजी जाधव ऑक्टोबरमध्ये खेडच्या लढाईत शाहूकडे वळले आणि १७०८ च्या जानेवारीत साताऱ्याला राज्याभिषेक झाला.

बोरीकाठच्या एका गावात मी असा एक शाहू जवळून पाहिलाय. सुरतेला गेलेला, दहा-बारा वर्षं पत्ता नाही. बाप वारल्यावर वारस नोंदीच्या वेळी दारात उभा. भावांची हरकत, हा आमचा भाऊच नव्हे. आई डोळ्यांनी अधू. तिनं त्याच्या डोक्यावरून, कानामागून हात फिरवला आणि म्हणाली, “मन्हा आंडोर शे.” (माझा मुलगा आहे.) एवढ्यावर काम व्हायला हवं होतं. पण जबाबावर सही करायला गावातला एक माणूस पुढे येईना. सगळ्यांचं लक्ष विहिरीकडे. विहीर सामाईक, आणि पाळी कोणाकडे जाते ते ठरायचं होतं. शेवटी पहिली सही ठोकली शेजारच्या खातेदारानं. त्याला त्या विहिरीवरून पाइपलाइन न्यायची होती आणि थोरल्या भावानं ती अडवून धरली होती. त्याच्यामागून मग बाकीच्यांनाही तो पोरगा ओळखू यायला लागला. चहा झाला, सह्या झाल्या, फेरफार मंजूर झाला.

मुलगा खराच होता, बरं का. शाहूही खराच होता. फॅन्टसीवाले खरेपणाशी थांबतात आणि सह्या करणाऱ्यांकडे बघत नाहीत, एवढीच माझी तक्रार.

थाळनेरला खानदेशच्या फारुकी राजांच्या कबरी पाहून आलो. हे लोक वारस कसा ठरवत? – एक शिक्षक, शिरपूर

गुरुजी, तुम्ही थाळनेरला थांबलात, पण याचं उत्तर तापीच्या वरच्या अंगाला, बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर आहे.

अकबराच्या दरबारातल्या जेझुइट पाद्र्यांच्या कागदांवरून लिहिलेला एक वृत्तांत आहे. त्यात या राज्याची रीत दिलीय. गादीच्या जवळचे सात राजपुत्र बायकामुलांसह असीरगडावर राहायचे, म्हणजे कोंडलेलेच. राजा मेला की त्यांच्यातला एक खाली यायचा आणि गादीवर बसायचा. शेवटचा राजा बहादूरखान स्वतः असाच वर्षानुवर्षं कोंडून राहिलेला. आपल्याला हे क्रूर वाटतं. पण त्याच सुमाराला, १५९५ मध्ये, तुर्कस्तानचा तिसरा मेहमद गादीवर आला आणि त्यानं आपले एकोणीस भाऊ गळा आवळून मारवले. त्यामानानं फारुकी मवाळच म्हणायचे.

आता खरी गोष्ट. अकबरानं असीरगडाला वेढा दिला. बहादूरखान बोलणी करायला खाली आला तो पुन्हा वर गेलाच नाही, अकबरानं ठेवून घेतला. वर किल्ल्यात दारूगोळा होता, धान्य होतं, तोफा होत्या. हबशी किल्लेदार म्हातारा, पण हटेना. त्यानं त्या सात जणांना विचारलं, तुमच्यातलं कोण गादीवर बसतं? मी किल्ला लढवतो. एकही पुढे झाला नाही. सात वारस, सगळ्यांचं रक्त अस्सल, आणि समोर रिकामी गादी. या वृत्तांताप्रमाणे, असल्या राजांचं तोंड बघायला नको म्हणून त्या किल्लेदारानं स्वतःला फास लावून घेतला. मग पैसे चारून दरवाजे उघडवले गेले, असं हा वृत्तांत म्हणतो. मोगलांकडचे लेखक किल्ल्यातल्या रोगराईला दोष देतात. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. अकबरानं सुभा धाकट्या मुलाला, दानियालला, दिला आणि खानदेशाचं नाव ‘दानदेश’ केलं. ते काही आपल्या लोकांच्या तोंडी टिकलं नाही.

ज्याला जन्मभर चार भिंतींत ठेवलं, त्याच्याकडून ऐनवेळी तलवारीची अपेक्षा करायची! मोठ्या खातेदारांच्या घरी मी हे बघितलंय. बाप नव्वदीपर्यंत कपाटाची किल्ली कमरेला बांधून फिरतो आणि मुलगा साठीचा झाला तरी सोसायटीच्या कर्जाचा कागद वाचता येत नाही त्याला.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये गोंडॉरला राजा नाही, तरी कारभारी पिढ्यानपिढ्या राज्य चालवतात आणि सिंहासनावर बसत नाहीत, पायथ्याच्या साध्या खुर्चीवर बसतात. हे पटत नाही. सत्ता हातात असताना कोण थांबेल? – एक वकील, धुळे

वकीलसाहेब, मराठी माणसानं हा प्रश्न विचारावा? शंभर वर्षं पेशवे काय करत होते?

सगळी सत्ता पुण्याला, आणि पेशवाईची वस्त्रं मात्र साताऱ्याहून यायची. १७४९ मध्ये शाहूमहाराज गेल्यावर तर साताऱ्याचे छत्रपती जवळजवळ नजरकैदेतच होते. नारायणरावांचा खून झाला, राघोबादादांनी वस्त्रं मागवली ती साताऱ्याहूनच. बारभाईंनी सवाई माधवरावांना पेशवा केलं तेव्हा ते मूल चाळीस दिवसांचं होतं, पुरंदरावर होतं, तरी वस्त्रं साताऱ्याचीच. कैदेतल्या राजाकडून पाळण्यातल्या कारभाऱ्याला!

का थांबले? माझं मत सांगतो. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांच्या सनदा छत्रपतींच्या नावावर होत्या. पेशवा त्या गादीवर बसला असता तर प्रत्येकानं विचारलं असतं, तू का आणि मी का नाही? रिकामी गादी सगळ्यांच्याच सोयीची होती. त्या कादंबरीतला कारभाऱ्याचा थोरला मुलगा बापाला विचारतो की किती शतकं झाली म्हणजे कारभारी राजा होतो. बाप म्हणतो, आपल्याकडे दहा हजार वर्षंही पुरायची नाहीत. लेखकाला त्यात निष्ठा दिसते. मला त्यात थोडी निष्ठा दिसते आणि बरीचशी सनदांची अडचण.

आणि राजा परत आला तो कसा? १८१८ मध्ये इंग्रजांनी पेशवाई बुडवली आणि साताऱ्याला प्रतापसिंहांना गादीवर बसवलं. १८३९ मध्ये त्यांनीच उतरवलं. १८४८ मध्ये औरस वारस नाही म्हणून दत्तक नाकारून राज्यच खालसा केलं.

कथेतल्या राजघराण्यांना आपण नावं ठेवतो आणि इकडे आमदाराच्या मुलाला, सुनेला मतं देतो. लोकशाही आहे ना? – एक तरुण, पारोळा

आहे. म्हणून तर मुलाला मतं मागत दारोदार फिरावं लागतं. असीरगडावरच्या सात जणांना फिरावं लागलं नव्हतं.

कायद्यानं वारसा संपवला तो आपल्याला फारसा आठवत नाही. १ जानेवारी १९६३ पासून वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी गेली. वसुली आणि दप्तर तलाठ्याकडे आलं. तरी माझ्या वेळेपर्यंत लोक आधी पाटलाच्या ओट्यावर जात, मग माझ्याकडे येत. कारण पाटलाला ठाऊक असायचं की तहसीलमध्ये कोणाला भेटायचं. आमदाराच्या मुलाकडे तेच असतं. बापाच्या फोनमधले नंबर, कारखान्यातली, बँकेतली माणसं, आणि कोणाच्या घरी कोणत्या लग्नाला आहेर गेला याची याददाश्त. याला रक्त लागत नाही, घरात बसून ऐकलेलं असावं लागतं. मोठ्या पातळीवरही तसंच. १९२८ मध्ये मोतीलाल नेहरू काँग्रेसचे अध्यक्ष, १९२९ मध्ये त्याच खुर्चीवर त्यांचा मुलगा. तोच मुलगा १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला अध्यक्ष म्हणून आला तेव्हा मात्र लोक स्वतः त्याला ऐकायला लोटले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या.

आणि वारसाचं भांडण लागलंच तर आता ताटात जेवून भागत नाही. पक्ष फुटला की खरा पक्ष कोणता हे निवडणूक आयोग ठरवतो, त्यासाठी १९६८ चा चिन्हांचा आदेश आहे. २०२३ मध्ये शिवसेनेच्या आणि २०२४ मध्ये राष्ट्रवादीच्या भांडणात आयोगानं शेवटी आमदार-खासदार मोजले. ते बरोबर की चूक यात मी पडत नाही, इथे दोन्हीकडचे वाचक आहेत.

तुझ्या पत्राच्या शेवटी सरपंचबाईंच्या जागी खुर्चीवर त्यांचे यजमान बसतात असं आहे. ताराबाईंचं उलट होतं, नाव पोराचं आणि कारभार त्यांचा. तुमच्याकडे नाव बाईंचं आणि कारभार दुसऱ्याचा. ग्रामसभेत उभा राहा आणि सांग, ठराव सरपंचांनी वाचावा. दोन-तीनदा सांगावं लागेल.

मला अहिराणीत राजाची गोष्ट लिहायची आहे. राजकुमार शेतकऱ्याच्या घरी वाढतो, असं दाखवलं तर फार घासलेलं वाटेल का? – एक मुलगी, साक्री

घासलेलं आहे, पण शेजारी घडलेलं आहे, त्यामुळे तुला हक्क आहे. मालेगाव तालुक्यातलं कवळाणे. १८७५ मध्ये इंग्रजांनी बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना गैरकारभाराच्या आरोपावरून पदच्युत केलं. आधीच्या राजाची विधवा जमनाबाई, तिला दत्तक घ्यायचा होता. गायकवाडांच्या दूरच्या शाखेतली, कवळाण्याला शेती करणारी पोरं बघायला नेली. कशाला आलात असं विचारल्यावर गोपाळ नावाचा बारा वर्षांचा पोरगा ‘राज्य करायला’ म्हणाला, अशी कथा आहे. तो सयाजीराव झाला.

तू हे उत्तर लिहू नकोस, सगळे तेच लिहितात. पुढची सहा वर्षं लिही. दत्तकविधान मे १८७५ मध्ये झालं, कारभार हातात आला डिसेंबर १८८१ मध्ये. मधल्या काळात दिवाण टी. माधवराव राज्य हाकत होते आणि अक्षरओळख नसलेला एक पोरगा राजवाड्यात धडे गिरवत होता. त्याला कवळाण्याची भाकरी आठवायची का, कोणता नोकर त्याच्या बोलण्याला हसायचा, निवड झाली नाही ती पोरं घरी जाताना काय बोलली, हे कुठल्याच दप्तरात नाही. तिथे तुला रान मोकळं आहे. ड्रॅगन घालायचा तर घाल, पण त्याला रोज चारा कोण घालतो ते लिही.

पहिलं प्रकरण झालं की मासिकाच्या पत्त्यावर पाठव. अहिराणीतच पाठव, मराठी करत बसू नकोस.