काही लोकांना ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या दिसण्यावर सतत बोट ठेवण्याचा एवढा सोस का असतो?

माझ्या मते त्याचे कारण दिसण्यात नसतेच. नाक मुरडायचे आधी ठरते आणि पेहरावातली चूक मागाहून शोधली जाते.

माझी भाची ट्रान्स स्त्री आहे. माझ्या मुलाच्या साखरपुड्याला ती इरकल नेसून आली, तेव्हा आमच्या थोरल्या चुलतभावांनी, म्हणजे दादांनी, तिच्या निऱ्या दोन बोटे वर गेल्याचे चारचौघांत दाखवून 'नेसायचीच तर नीट नेसावी' असा शेरा मारला. त्याच कार्यात नवरीच्या मैत्रिणीने साडीखाली चक्क धावण्याचे बूट घातले होते. त्याचे सर्वांना कौतुक. लग्नाला भाची पार्लरमधून तयार होऊन, निऱ्या पिनांनी चापूनचोपून बसवून आली, तर 'एवढा नट्टापट्टा कशाला?' आणि पूजेला साधा सलवार-कुडता घातला, तर 'मग बाई कसली?'

दादांना नाट्यसंगीताचे वेड आहे. बालगंधर्वांची साडी नेसण्याची ढब घरोघरच्या बायकांनी उचलली, हे ते अभिमानाने सांगतात. मग भाचीचेच का खुपते, असे विचारल्यावर 'ते नाटक होते' असे ते म्हणाले, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला त्यातच दिसते. पडदा पडल्यावर बालगंधर्व, म्हणजे नारायणराव राजहंस, पुरुष म्हणून घरी जात, म्हणून टाळ्या. पण जी व्यक्ती साडीतच घरी येते आणि पंगतीत शेजारी बसते, तिला पाहून, 'पुरुषासारखा वाग' हा धाक जन्मभर निमूट सोसलेल्या माणसाला आपले सोसणे फुकट गेल्यासारखे वाटते.

'ही परदेशी थेरे आहेत' हे दादांचे दुसरे पालुपद. वास्तविक सरकारी नोंदवहीत नाव असलेल्या तृतीयपंथीयाने बाईचा पेहराव किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसणे हा गुन्हा ठरवून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली ती इंग्रजांनी, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात. उलट २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे अनैतिक व बेकायदेशीर आहे. निऱ्यांची अट तर कोणीच घातलेली नाही.

अर्थात प्रत्येक पाहणारा दुष्ट नसतो. नवखेपणाने पाहणारे दोन-चार भेटींत सरावतात. शिवाय मी स्वतः ट्रान्स नाही, तेव्हा भाचीने हे कदाचित वेगळे सांगितले असते.

तुमच्या घरात असे कोणी असेल, तर समजूत घालत बसू नका. सुनेने अशीच साडी नेसली असती तर बोलला असतात का, एवढेच विचारा, आणि तेही चारचौघांतच, कारण शेराही तिथेच मारलेला असतो. आमच्या दादांनी अद्याप उत्तर दिलेले नाही. 'मोठ्यांना उलट बोलू नये' असा निरोप मात्र त्यांनी वहिनींकरवी धाडला आहे. वयाचाच मान ठेवायचा असेल, तर भाचीनेही आता चाळिशी ओलांडली आहे.